काकूंचा चेहरा

मास्तर ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत. रंग आधी जुन्या पोस्टकार्डावर लावून बघत. कागद वाळेपर्यंत पंखा लावू देत नसत. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठे, तरी मित्रच.

त्यांच्या पत्नीचं, काकूंचं, दुखणं बरं होणारं नव्हतं, म्हणून मास्तरांनी काकूंचं चित्र जलरंगात काढायला घेतलं. खुर्ची झाली, शाल झाली, हात झाले. चेहऱ्यापाशी मात्र महिनाभर अडले.

“यात चूक पुसता येत नाही रे. हात धजत नाही,” ते मला म्हणाले.

“अहो, मी गेल्यावर रंगवणार का?” काकूंनी टोमणा मारला.

“गप. हलू नकोस.”

मंगळवारी सकाळी मास्तरच गेले. काकू अजून त्याच खुर्चीत बसतात. कागदावर चेहऱ्याच्या जागी पेन्सिलीची फिकट रेघ आहे.