मात्राबाईंचा कानाडोळा

आमच्या छापखान्यात एक बाई सलग आठ वर्षं साठ वर्षांच्या होत्या. दर जानेवारीत हजेरीबुकाच्या पहिल्या पानावर प्रत्येकानं आपलं नाव, काम आणि वय लिहायचं, आणि बाई दरवर्षी तशाच टपोऱ्या अक्षरात ‘६०’ लिहायच्या. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणाल, तर हजेरीबुकातल्या चुका तपासायचं काम बाईंकडेच होतं.

त्या मुद्रितशोधक. छापण्याआधीचा कच्चा कागद, म्हणजे प्रूफ, वाचून चुका काढायच्या. सगळे त्यांना मात्राबाई म्हणत. सख्ख्या भावाची खुशालीची पत्रंसुद्धा त्या लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवत. शेवटी भावानं लिहिणंच सोडलं. “सुधारला,” बाई म्हणाल्या.

खिडकीजवळची लाकडी खुर्ची त्यांची. प्रूफ तपासून झालं की कोपऱ्यात ‘वाचले. छापा.’ असं लिहून सही करायच्या. हे दोन शब्द पडले की पुढे कुणी शंका काढायची नाही, असा आमच्याकडचा कायदा.

मी तिथला बाइंडर. वय अठ्ठावन्न, मिशीचं वय तीस. दर रविवारी आरशासमोर बसून तिला मी तिशीत परत आणतो. तेव्हा बाईंना हसायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरी हसणार आहे.

थोरले मालक गेले आणि त्यांचा मुलगा मालक झाला. आल्या आल्या त्यानं संगणकात शुद्धलेखन तपासणारं काहीतरी बसवलं आणि दारामागे स्वतःच्या हातानं सूचना लिहून लावली: ‘पासष्ट वर्षांवरील कर्मचारी निव्रुत्त होतील.’ ‘निवृत्त’ असं हवं, हे मला, खळीत हात घालणाऱ्या माणसालाही कळलं. मात्राबाई रोज त्या कागदासमोरून जायच्या आणि गप्प असायच्या. तेव्हा मी चमकलो. सूचनेतला मजकूर त्यांना कुणीतरी सांगितला होता, म्हणून खुर्ची जायच्या भीतीनं त्यांची झोप उडाली होती. पण सूचना त्यांना दिसत नव्हती. चष्मा दहा वर्षांपूर्वीचा.

“बाई, एकदा डोळे तपासून घ्या की.”

“माझा नंबर वाढलेला नाही.”

“न तपासता कसा कळला?”

“तिथे गेलं की डोळ्यांआधी वय विचारतात,” बाई म्हणाल्या आणि प्रूफ नाकाला लावलं. इतकं जवळ, की मला वाटलं आता वास घेऊनच चुका काढतायत.

अशात एक व्याख्याते आले. वय अडतीस, विषय वार्धक्य. पाण्यात न उतरता काठावरून हात कसे मारायचे ते ओरडून सांगणारे लोक असतात, त्यातले. व्याख्यानाची पाचशे भित्तिपत्रकं छापायची होती. मोठ्या अक्षरात एकच ओळ: ‘साठीनंतर भरपूर जगा!’ खाली सभागृहाचा पत्ता, वेळ आणि आमच्या छापखान्याचा फोन.

पत्रकं लागली आणि सकाळपासून फोन खणखणायला लागला. पहिल्या माणसानं विचारलं, “किती चौरस फूट?” दुसऱ्यानं विचारलं, “तळमजल्यावर आहे का काही?” एक आजी म्हणाल्या, “सून म्हणते, लगेच नोंदवा.”

मालक धावत भिंतीपाशी गेले. भिंतीवर छापलं होतं: ‘साठीनंतर भरपूर जागा!’

इतिहासात ध चा मा झाला, आमच्याकडे ज चा जा. मालक अक्षरजुळणीवाल्यावर ओरडले. तो शांतपणे उठला आणि खिळ्याला अडकवलेलं प्रूफ घेऊन आला. त्यानं ‘जगा’ असंच टाकलं होतं. त्यात लाल शाईनं, ठसठशीत, एक काना घातलेला होता. कोपऱ्यात ‘वाचले. छापा.’ संगणकाला विचारलं, तर तो म्हणाला सगळं शुद्ध आहे. बरोबरच, जागा हा काय अशुद्ध शब्द आहे?

सूचना लागल्यापासून बाईंच्या डोक्यात आपल्या जागेशिवाय दुसरं काही नव्हतं. डोळ्यांना पुसट दिसलं, ते डोक्यानं पुरं केलं. जन्मात ज्या बाईनं कशाकडे कानाडोळा केला नाही, तिला शेवटी काना आणि डोळा यांनीच मिळून दगा दिला.

बाईंनी प्रूफ जवळ धरलं, लांब धरलं. “शाई सांडली असेल,” त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की मला त्यांच्याकडे बघवेना.

“संध्याकाळी व्याख्यान होऊ दे,” मालक म्हणाले. “मग बोलू.”

संध्याकाळी सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. निम्मे लोक नकाशा बघायला आले होते. आम्ही तिघं मागच्या रांगेत. बाई मालकांच्या आणि माझ्या मधे, पर्स मांडीवर घट्ट धरून. पुढून कुणीतरी ओरडलं, “आधी जागा दाखवा!” व्याख्याते क्षणभर पांढरे पडले. पण माणूस मुरलेला. छातीवर हात ठेवून म्हणाले, “जागा इथे आहे! मनात! तो काना मी मुद्दामच घातलाय! साठीनंतर मन मोकळं होतं, भरपूर जागा होते! वय म्हणजे काय? वय हा फक्त आकडा आहे!”

टाळ्यांचा कडकडाट. मालकांनी सुस्कारा टाकला आणि बाईंकडे झुकून म्हणाले, “सुटलात.”

खरंच सुटल्या होत्या. नुसतं बसून राहायचं होतं. मी असतो तर बसलो असतो, मिशीवरून हात फिरवत.

बाई उठून उभ्या राहिल्या.

“ती चूक आहे,” त्या म्हणाल्या. सभागृह वळून बघायला लागलं. “ ‘जगा’ असं होतं. काना मी घातला. माझी चूक आहे.”

“आई, तुम्ही इतकं नकारात्मक...” व्याख्याते गोड हसले.

“तुमची आई नाही मी. आणि वय हा नुसता आकडा असेल, तर तो तरी बरोबर लिहावा. माझा अडुसष्ट. मला दिसत नाही.”

मालक माझ्याकडे बघत होते. मी छताकडे. साठी बुद्धी नाठी म्हणतात. बाईंची तेवढी एकच गोष्ट जागेवर होती, आणि तिच्यापायी खुर्ची जाणार होती. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. सकारात्मक लोक होते सगळे.

दुसऱ्या दिवशी बाई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. आठ दिवसांनी नवा चष्मा लावून छापखान्यात आल्या. आधी मला आपादमस्तक न्याहाळलं.

“बाइंडर, मिशी की बूटपॉलिश?”

मग दाराकडे वळल्या आणि थबकल्या. “हे कधीपासून असं आहे?”

“तीन महिने.”

“आणि मी रोज इथून गेले?” चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले. मग पर्समधून लाल पेन काढून ‘निव्रुत्त’ खोडलं, वर सुबक ‘निवृत्त’ लिहिलं. हजेरीबुक मागवून ‘६०’ चे ‘६८’ केले. आणि परत त्या सूचनेपाशी जाऊन, नेहमीच्या कोपऱ्यात, एकच शब्द लिहिला: ‘वाचले.’ पुढचा ‘छापा’ लिहिला नाही.

मालक मागे येऊन उभे होते. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं.

“बाई, म्हणजे नियम वाचलात, की तुम्ही वाचलात?”

“नियम मी वाचला,” बाई म्हणाल्या. “मी वाचले की नाही, ते तुम्ही सांगायचं.”

मालकांनी कागद काढला, घडी करून खिशात घातला. “आठ दिवसांची प्रूफं पडलीत,” ते म्हणाले. “खुर्चीवरून उचलून घ्या, म्हणजे बसायला जागा होईल.”