थोरलीचे बेडूक

कॉलेजात शिकवणाऱ्या थोरलीला तिथे सगळे बेडूकबाई म्हणत आणि तिला ते मनापासून आवडे. घरात तिचं असं काही उरलंच नव्हतं. धाकटी जाऊ आल्यापासून सासूबाईंना धाकटीच्या हातची भाजी गोड, सासऱ्यांना धाकटीचं गाणं गोड. गाण्याचे क्लास घेणारी ती. दारावरची बेल वाजली तरी सूर सांगायची. थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. डोंगरावरचे बेडूक मात्र तिचे एकटीचे होते. वर्षानुवर्षं ती संध्याकाळी वर चढून ओढ्याकाठी बसे आणि नुसत्या आवाजावरून कोण कुठे आहे ते टिपून घेई.

डोंगर बदलला होता. हवा तापत गेली तसे पायथ्याचे जाडजूड बेडूक वर सरकले, आणि माथ्यावरचे नखाएवढे, बारीक आवाजाचे बेडूक संपले. हा शोध तिचा. पुढच्या आठवड्यात शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत ती तो मांडणार होती.

शेवटच्या फेरीला, पायथ्याशी थांबून तिची वाट बघणारी नेहमीची सोबतीण आजारी पडली.

"मी येते ना, ताई," धाकटी म्हणाली. सासूबाईंनी लगेच री ओढली. झालं, आता बेडूकही हिचेच होणार, थोरली मनात म्हणाली.

माथ्यावर पोचेतो अंधारून आलं. पायथ्याहून आलेले पाहुणे बेडूक घसा फाडून ओरडत होते. थोरली ऐटीत एकेक समजावत असताना धाकटीने मान वळवली.

"ताई, ही बारीक टिकटिक कसली?"

"कुठली?"

"ही काय! केवढी चाललीय."

"रातकिडा असेल," थोरली फटकन म्हणाली.

धाकटीने एक पान बाजूला केलं. बॅटरीच्या उजेडात नखाएवढा बेडूक बसला होता. त्याचा गळा फुगत होता, बसत होता, पुन्हा फुगत होता. थोरलीने कान अगदी जवळ नेला. काही नाही.

वयापरत्वे बारीक आवाजापुरते कान तिचे गेले होते, आणि तिने बेडूक मेल्याचं जाहीर करून टाकलं होतं.

तरी आधी राग आला तो धाकटीचाच. हिला गळा, हिला कौतुक, आणि वर हेही? हिला पान सोडायला सांगावं, खाली उतरावं. या बावळीला काय कळणार आहे? सभेत टाळ्या तर पडतील.

पण ती दगडावर बसली आणि तिने टिपणवही उघडली.

"डोळे मिट," ती कोरड्या आवाजात म्हणाली, "आणि आवाज कुठून कुठून येतोय ते सांग."

धाकटीने डोळे मिटले. ऐकता ऐकता तिला हसू फुटलं.

"सगळीकडून, ताई."

थोरली जळत जळत तिच्या त्या हसण्याकडेच बघत राहिली. तिचे बेडूक आता तिला तिथेच दिसत होते.