नरसय्या मिस्त्रींचे तीन ठोके

इथले भुताखेतांचे अनुभव मी रोज जेवताना वाचतो, बायकोला वाचून दाखवतो आणि मनसोक्त हसतो. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे नंतर कुणी मला भोळा म्हणायला नको. आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. घरात बुद्धवंदना होते. नवस, अंगारा, उतारा यातलं काहीही तीन पिढ्यांत कुणी केलेलं नाही. कुणी भुताची गोष्ट काढली की माझे वडील विचारायचे, "वजन किती त्याचं?" मीही तसलाच. त्यात धंद्याने मेकॅनिक... गाडीत आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं झालंय, एवढंच मला कळतं.

दुसरं म्हणजे, मी तोंडाने वाईट आहे. सगळं त्यातूनच झालं, म्हणून तेही आधीच सांगतो.

माझं गॅरेज अक्कलकोट रोडला. हे काम मला शिकवलं नरसय्या मिस्त्रींनी. विणकरांच्या घरातला माणूस, पण मागात जीव रमला नाही, लोखंडात रमला. मागच्या चाकांवर गाडीचं वजन पेलणारे लोखंडी पाटे असतात ना, एकावर एक रचलेले, कमानीसारखे वाकवलेले — त्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नव्हता. पाटा नवा असो नाहीतर जुना, वाजवून बघितल्याशिवाय ते बसवायचे नाहीत. छोट्या हातोडीने एक ठोका या टोकाला, एक त्या टोकाला, मग खाली वाकून, कान जवळ नेऊन, मधल्या भोकाशी एक. चांगला पाटा खणकन वाजतो. आत चीर असली की बद्द. माठ घेताना वाजवून घेतो, तसंच. म्हातारपणी त्यांचे गुडघे गेले होते, त्यामुळे वाकायला वेळ लागायचा. टक्-टक्... आणि मग बऱ्याच वेळाने, टक्.

त्या मधल्या वेळेची मी नक्कल करायचो. गिऱ्हाइकांसमोर, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत कण्हत. लोक हसायचे. सुरुवातीला मिस्त्रीही हसायचे.

मग मी इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि एका पार्सलवाल्या ठेकेदाराच्या इलेक्ट्रिक डिलिव्हरी व्हॅन माझ्याकडे यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांचा सुपरवायझर समोर उभा, आणि मिस्त्रींनी खोक्यातून नवा पाट्यांचा सेट काढून हातोडी उचलली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मिस्त्री, कंपनीचं पॅकिंग आहे ते. बाजारातला माठ नाही. तुमचा जमाना गेला, आता तरी हातोडी ठेवा."

सुपरवायझर फिसकन हसला. मिस्त्रींनी हातोडी स्टुलावर ठेवली, बोळ्याने हात पुसले आणि गेले. मी थांबवलं नाही. चार महिन्यांनी ते वारल्याचं कळलं. मातीलाही गेलो नाही. कामं होती म्हणून सगळ्यांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर कंटाळा केला.

आता मल्लिनाथचं सांगतो. हा त्या ठेकेदाराच्याच व्हॅनवरचा ड्रायव्हर. मंद्रूपचा, पस्तिशीचा, बोलायला गोड. सोलापुरातून पार्सल भरायचं आणि मंद्रूपकडच्या गावांत वाटायचं, हे त्याचं रोजचं काम. त्याची गाडी मागून डावीकडे बसली होती. मी नवे पाटे टाकले, बुश बदलले, दोन्ही शॉकअप नवे घातले. सगळं खोक्यातून काढून सरळ बसवलं. वाजवून बघायला आता कुणी नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी मल्लिनाथ परत. मागून आवाज येतो म्हणाला. दोन ठोके येतात, थांबतात, मग एक येतो. मी त्याला झापलं. तुझे कान डिझेलच्या गाड्यांनी बिघडलेत, या गाडीला इंजिनाचा आवाज नाही म्हणून तुला मुंगीचं चालणंही ऐकू येतं, वगैरे. तो म्हणाला, "व्हय दादा, आसंल. पण एकदा बसून बगा की."

आमची पद्धतच आहे ती. मागचा आवाज सापडत नसेल तर ड्रायव्हरला चालवायला लावायचं आणि आपण मागे फळीवर बसायचं, तळहात टेकून. आवाज कानाआधी हाताला कळतो. मी मागे बसलो, त्याने दार लावलं आणि आम्ही मंद्रूप रोडला लागलो. भर दुपार. दाराच्या फटीतून ऊन आत येत होतं.

थोडं पुढे गेल्यावर आलाच आवाज. टक्-टक्... मग टक्. माझा तळहात बरोबर डाव्या पाट्याच्या वर होता. शॅकल, म्हणजे पाट्याच्या टोकाची कडी, ढिली असेल, मी मनाशी म्हटलं. इतक्यात पुढे शेळ्यांचा कळप आडवा आला आणि मल्लिनाथने गाडी थांबवली. इलेक्ट्रिक गाडी थांबली की थांबली; ना इंजिन, ना थरथर. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

आणि उभ्या गाडीत माझ्या तळहाताखाली वाजलं. टक्-टक्.

मी श्वास धरून बसलो. तो मधला वेळ मला पाठ होता हो... वर्षानुवर्षं नक्कल केली होती त्याची. गुडघ्यावर हात, मग कंबर, मग मान खाली. बरोबर तेवढ्याच वेळाने तिसरा ठोका आला, पाट्याच्या मध्यावर. बद्द.

घामाने शर्ट पाठीला चिकटला. भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या मागोमाग जे आलं ते सांगायची लाज वाटते — मला राग आला. म्हातारा मेला तरी माझं काम तपासतोय! तेही सर्टिफिकेट लावलेल्या माणसाचं. पाटा खोल, मधल्या भोकाशी बघ, एवढं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. आणि मला ते स्वच्छ कळलंही होतं.

मल्लिनाथने दार उघडलं. "आला न्हवं दादा आवाज?"

"कसला आवाज? काही नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझा शर्टही बघितला. गॅरेजवर येऊन मी जॉब कार्डवर लिहिलं, आवाज आढळला नाही, आणि सही ठोकली. सुपरवायझरला फोनही केला. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंत, हा कामचुकार दिसतोय, पुन्हा तक्रार केली तर घरी बसवतो. हा निरोप मल्लिनाथला मीच दिला, वर हसून दिला. त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. रोज तो आवाज ऐकत गाडी चालवत राहिला.

त्या फेरीनंतर चौथ्या दिवशी मंद्रूपच्या अलीकडे उतारावर पाटा तुटला. मागचा कणा सरकला, गाडी नालीत गेली. मल्लिनाथचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला.

तुटलेला पाटा मी पाहिला. तिसऱ्या थरातला, मधल्या भोकाशी तुटलेला. तुटल्या जागी अर्धं लोखंड ताजं, चकचकीत. आणि अर्धं काळपट, म्हणजे चीर आधीपासूनच होती. खोक्यातून आली तेव्हापासून. बाहेर काढून एकदा वाजवला असता तर आंधळ्यालाही कळलं असतं.

दवाखान्यात गेलो. त्याची बायको उशाशी बसली होती. त्याने शांतपणे विचारलं, त्या दिवशी तुम्हाला खरंच काही ऐकू आलं नव्हतं का? सांगून टाकावं असं फार वाटलं. पण त्याच्या बायकोने मान वर केली आणि मी म्हणालो, नाही. त्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडल्याबरोबर मी मिस्त्रींची हातोडी शोधून काढली. एक कोरा पाटा घेतला, वाजवला. बद्द. दुसरा घेतला, बद्द. होते तेवढे सगळे वाजवले... एकही खणकन वाजला नाही. शेजारच्या वेल्डरला बोलावलं. तो म्हणाला, येडा झालास का मिलिंद, घंटेसारखे वाजतायत की सगळे!

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. मशीन लावून तपासलं. म्हणाले, कान तिशीतल्या माणसासारखे आहेत. आणि खरंच मला सगळं ऐकू येतं. बायकोच्या बांगड्या, गल्लीतली भांडणं, कुकरची शिट्टी. फक्त पाट्यावर हातोडी पडली की बद्द. चांगला कुठला, फुटका कुठला, मला आता ओळखता येत नाही.

म्हणून बरा झाल्यावर मल्लिनाथला मीच कामाला बोलावलं. लोक म्हणतात, मिलिंदचं मन मोठं. मोठं-बिठं काही नाही, मला कान हवे होते. तो मिस्त्रींच्याच स्टुलावर बसतो, कुबडी भिंतीला टेकवतो. मी पाटा वाजवतो — एक, दोन, मग वाकून तीन. माझेही गुडघे आता दुखतात. तो म्हणतो, "बरा हाय," किंवा, "फुटकाय, ठेवा बाजूला." आजवर एकदाही चुकला नाही.

मागच्या महिन्यात त्याच व्हॅनला पुन्हा पाटे टाकायचे होते. आता तिच्यावर दुसरा ड्रायव्हर आहे, दोन पोरींचा बाप. मी तिसरा पाटा वाजवला. मल्लिनाथ गप्प. मी परत वाजवला. तो माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी व्हॅनचं दार उघडून बघितलं होतं तसंच. मी विचारलं, कसा वाजला?

"कसला आवाज, दादा? काय बी न्हाय," तो म्हणाला. "बसवा की."

तुम्ही म्हणाल, वेल्डरला हाक मारायची होती. खरंय, दहा पावलांवर होता तो. पण हाक मारली असती तर मल्लिनाथच्या तोंडावर म्हणावं लागलं असतं की तू खोटं बोलतोयस... आणि ते मी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

मी तो पाटा बसवला, जॉब कार्डवर सही केली. ती व्हॅन रोज मंद्रूपला जाते. संध्याकाळी ती परत येईपर्यंत मी गॅरेजच्या फाटकाशी उभा असतो. मल्लिनाथ मागे स्टुलावर बसलेला असतो, घाई नसल्यासारखा.