न हलणाऱ्या यॉटवर आमचा एक रविवार

मंगलला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, गाडी लागते. किती लागते? आमचा मधुचंद्र महाबळेश्वरला ठरला होता आणि घरापासून तासाभरावर सिन्नरलाच संपला. त्यानंतर आमचं जोडीचं पर्यटन त्र्यंबकेश्वरच्या पुढे फारसं सरकलं नाही. या ब्लॉगवरचे बाकीचे प्रवास मी एकट्यानेच केलेत, हे जुन्या वाचकांनी ओळखलं असेलच.

या वेळी मात्र प्रश्न वेगळा होता. आमची लेक ऋतुजा आणि जावई अंदमानातल्या एका बेटावर रिसॉर्टमध्ये नोकरीला आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास बंद केला, तेव्हा माहेरानेच तिकडे जायला हवं होतं. विमानापर्यंत ठीक, पुढे दोन तास बोट. मंगल म्हणाली, "मी तिचं करायला जायचं, की तिनं माझं करायचं?" आणि विषय मिटवला. लेक फोनवर रोज "कधी येतेस?" विचारायची आणि ही डिंकाच्या लाडवांचं बोलत बसायची. फोन ठेवल्यावर डिंकाचा डबा उघडायची आणि तसाच परत फळीवर ठेवायची. मला ते बघवत नव्हतं.

अशा वेळी मी नेहमी जे करतो तेच केलं, व्हिडिओ पाहिले. त्यातून कळलं की नव्या यॉटमध्ये जायरो नावाचं यंत्र असतं. बोटीच्या पोटात एक जडशीळ चाक भोवऱ्यासारखं गरगरत राहतं आणि त्यामुळे बोट डोलत नाही. माझा मित्र सुधीर सातपूरला स्टीलचे कठडे बनवतो. मुंबईच्या एका यॉटचं काम त्याने नुकतंच केलं होतं आणि मालकाने त्याला फेरीला बोलावलं होतं. मी आम्हा दोघांचं घोडं त्यात दामटलं. न हलणाऱ्या बोटीवर एकदा बसली की हिची भीती मोडेल, असा माझा हिशेब. अंदमानच्या बोटीला जायरो असतो का, हा प्रश्न मी सोयीने पुढे ढकलला होता.

रविवारी अंधारातच निघालो. इगतपुरीला चहा आणि गरम वडे. मंगलने आवळासुपारीवर भागवलं, तरी कसारा घाटात दोनदा थांबावं लागलं. जाणाऱ्यांसाठी सूचना: गेटवेजवळ गाडी लावायच्या भानगडीत पडू नका. लांब पार्किंगमध्ये ठेवून टॅक्सी करा. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात, आणि आमच्यासारखा सुधीर नसेल तर तासाच्या भाड्याने छोट्या यॉट मिळतात. शनिवार-रविवारचा भाव चढा असतो.

यॉटसाठी मी खास पांढरे बूट घेतले होते. वर पाऊल ठेवताच खलाशाने टोपली पुढे केली. लाकडी डेक खराब होतो म्हणून चपला-बूट त्यात काढायचे. मंगलने सवयीने चपला आधीच काढल्या होत्या. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पुढची सगळी श्रीमंती मी तसाच पाहिली.

कॅप्टन उरणकडचे, वयस्कर. सगळे त्यांना नाखवा म्हणत होते. मंगल त्यांच्या सुकाणूशेजारच्या बाकावर बसली आणि तिथून हलेना. मी अधिकारवाणीने सांगितलं की जायरो चालू आहे, काळजी नसावी. मग सुधीरबरोबर खाली गेलो.

खाली काय नव्हतं! बटण दाबलं की पलंगाच्या पायथ्यातून टीव्ही उगवतो. भिंतीचा तुकडा बाहेर उघडून समुद्रावर गॅलरी होते. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आहे, टॉवेल गरम ठेवणारी दांडी आहे, आणि कपाटं अशी की बोट कितीही कलली तरी दारं उघडत नाहीत. बाथरूमची भिंत काचेची. एका बटणाने ती दुधी होते, दुसऱ्याने आरपार. मी मोबाईलवर सगळं टिपत होतो. टीव्ही तिसऱ्यांदा उगवताना तोंडाला पाणी सुटलं, आणि ते टीव्हीसाठी नव्हतं. धावत बाथरूम गाठलं. आत तोल सावरायला जिथे हात टेकला, तिथे नेमकं दुसरं बटण होतं. सुधीर आणि चहाचा ट्रे घेऊन आलेला आचारी, दोघांनी माझं दर्शन आरपार घेतलं.

हिरवानिळा होऊन वर आलो, तर मंगल नाखवांबरोबर चिवडा खात होती.

"जायरो बिघडलाय," मी म्हणालो.

"चालूच नाय केला," नाखवा म्हणाले. "त्याला पुरता वेग घ्यायलाच पाऊण तास लागतो. आपली फेरी तासाभराची."

मला खुणा करून त्यांना थांबवायचं होतं, पण उशीर झाला होता. आता कळल्यावर हिला मळमळणार, लेकीकडे जायचं कायमचं राहणार, आणि हे सगळं माझ्या हुशारीमुळे. मंगल हातातला चिवडा तसाच धरून लांब क्षितिजाकडे बघत राहिली.

"म्हणजे मघापासून हे खरंच हलतंय?"

"हो वहिनी. बाहेर लांब नजर ठेवली की पोट शांत राहतं. खाली मोबाईल बघत बसलं की संपलं." हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, हा त्यांचा मोठेपणा.

तिने चिवडा तोंडात टाकला, हात पुसले आणि ऋतुजाला फोन लावला. "तिकीट काढ गं. येते मी." आणि फोन माझ्या हातात देऊन डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण माझ्या चेहऱ्यावर आधीच इतकं काही होतं की कुणाच्या लक्षात आलं नाही.

परतताना ती पुढच्या सीटवर बसली. चमत्कार वगैरे झाला नाही, कसाऱ्यात एकदा थांबलोच.

आता घरभर सुटकेसचा पसारा आहे. यॉटचे व्हिडिओ मी अजून कुणाला दाखवले नाहीत, कारण शेवटच्यात आवाज फार विचित्र आहेत. अंदमानला मीही जाणार आहे. डॉक्टरांकडून उलटीच्या गोळ्या आणल्यात, माझ्यासाठी. काल लेकीचा फोन स्पीकरवर होता. ती काळजीने सांगत होती, "आई, इकडची बोट खूप हलते हं."

मंगल लाडू वळत होती. हातातला पुरा करून ताटात ठेवला आणि म्हणाली, "हलू दे."