अणुभट्टीचा गोंडा

हसनाबादचे आमचे शेजारी काका बोलताना दर वाक्याला मांडीवर थाप मारतात, कधी स्वतःच्या, कधी माझ्या. त्यांची मुलगी अणुसंशोधन करते. तिच्या संस्थेची जुनी अणुभट्टी कायमची बंद झाली तेव्हा मी हळहळलो, तर काका माझ्यावरच खेकसले.

"रडून काय होतं? बैल गेला त सावड करायची! शेजाऱ्याचा बैल जुंपायचा, आपण त्याच्या रानात राबायचं."

झालंही तसंच. परदेशातल्या एका संस्थेनं आपली भट्टी वापरू दिली, आणि ही पोर तिथल्यांचंही काम करू लागली.

सुट्टीवरून ती परत निघाली तेव्हा काकांनी तिच्या बॅगेत बैलाचा लाल गोंडा कोंबला. "परक्याचा असला तरी पोळ्याला सजवावा लागतो."

पोळ्याच्या दिवशी फोटो आला. भट्टीच्या दारावर गोंडा, खाली हात जोडून हसणारे गोरे शास्त्रज्ञ. काका मोबाइल उंच धरून अंगणात नाचत होते.

"पोरीला सांगितलं, त्यांची बंद पडली त बिलकुल घाबरू नका म्हणावं. जल्दी हसनाबादला या!"

आणि माझ्या मांडीवर अशी थाप मारली, जणू मागच्या गोठ्यात एक भट्टी बांधलेलीच आहे.