खोल्मतची बँकेत निघालेली सुरी

सुऱ्यांसाठी नावाजलेल्या चुस्त गावच्या बाजारात एके काळी कानोकानी फिरलेली गोष्ट अशी: सुऱ्या घडवणाऱ्या खोल्मतनं बँकेत जाऊन साहेबाच्या गळ्याला सुरी लावली आणि मेलेल्या भावाचं गाडीचं कर्ज जागच्या जागी माफ करून घेतलं. सांगणारा स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवायचा, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा.

आता हा खोल्मत कसा, तर लालभडक लोखंड ठोकून वाकवणारा, मनगट बैलाच्या खुरासारखं. पण शिक्का मारलेला कागद दिसला की याची गाळण उडायची. विजेचं बिलसुद्धा बायकोनं, खैरिनिसानं, आधी वाचायचं आणि "काही नाही हो, जेवा" म्हणायचं, तेव्हा घास घशाखाली उतरायचा. तो शेजारच्या कोंबड्यालाही भितो असं लोक म्हणत, पण ते बहुधा खोटं.

धाकटा भाऊ सोतिबोल्दी छातीत कळ येऊन गेला. जनाज्यापुढे मशिदीच्या दोमलांनी, म्हणजे इमामांनी, रिवाजाप्रमाणे विचारलं, "या माणसाकडे कुणाचं काही येणं आहे का?" अशा वेळी घरातल्या थोरल्यानं पुढं होऊन बोलायचं असतं. खोल्मत रडत होता, पण बोलला खणखणीत: "भावाचं देणं ते माझं देणं. आजपासून माझ्याकडे मागा!" रांगांमधल्या टोप्या हलल्या. त्याला वाटलं, असेल कुणाचं उधार मटण, कुणाचा जुना टायर.

चाळिसाव्या दिवसाचा पुलाव उरकला आणि भावजय ओयखोन रुमालात गुंडाळलेला बँकेचा कागद घेऊन आली. "अका," ती थोरल्या दिराला म्हणाली, "त्या पांढऱ्या गाडीचे हप्ते थकलेत. मला यातलं काही कळत नाही."

खोल्मतच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्याच गाडीवर सोतिबोल्दी नमंगन शहराच्या रस्त्याला टॅक्सी चालवायचा. ती कर्जाची आहे हे थोरल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात जनाज्यात दुसऱ्या रांगेत बँकेतला साहेब झोकिरजोन उभा होता, सोतिबोल्दीचा शाळेतला दोस्त.

"त्यानं ऐकलंय," खोल्मत बायकोला म्हणाला. "म्हणजे बँकेनं ऐकलंय. आता भट्टी जाणार, घर जाणार."

"मग जाऊन विचारा की."

"विचारलं की नक्की जाणार!"

तेव्हापासून दारात गाडी थांबली की त्याची हातोडी हवेतच थांबायची. एकदा बगलेत चामडी पिशवी घेतलेला माणूस आत आला, तर हा मागच्या भिंतीवरून शेजाऱ्याच्या जर्दाळूंत उतरला. बिचारा सुरी घ्यायला आला होता. चहाखान्यात रहिमबेर्दी न्हाव्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "काय खोल्मत अका, ऐरण ठेवायला जागा हवी का? आमच्या गोठ्यात बकरीशेजारी होईल सोय!" सगळे हसले. खोल्मतही हसला, आणि घरी येऊन ओकला.

त्याहून मोठी भीती वेगळीच होती. देणं फिटेपर्यंत मेलेल्याचा जीव अडकून राहतो, हे दोमलांनी त्याच्या लहानपणापासून सांगितलेलं. जावं तर घर जातं, न जावं तर भाऊ लटकतो. माणूस वाळत चालला.

शेवटी खैरिनिसानंच कंबर कसली. "तुम्ही जाता की मी जाऊ? मी गेले तर तो न्हावी काय म्हणेल, त्याचा विचार करा."

खोल्मत निघाला. पण मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? चुस्तचा माणूस अशा वेळी सुरी नेतो. त्यानं शिंगाच्या मुठीची, आजवरची सगळ्यात देखणी सुरी कोटाच्या आत खोचली. आपण कुठं चाललोय, हे त्या भेदरलेल्या डोक्यात शिरलंच नाही.

बँकेच्या दारातलं यंत्र केकाटलं.

"अका, कोटात काय आहे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"काही नाही रे पोरा. सुरी."

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कारागिराची खोड! गिऱ्हाइकाला दाखवतात तशी त्यानं ती म्यानातून उपसली, "बघ की, धार बघ!" पेन्शनच्या रांगेतली तांदूळवाली शराफत ओपा, सगळ्यांची ताई, किंचाळत बाहेर पळाली आणि थेट बाजारात थांबली. पहारेकरी भिंतीला चिकटला. त्याचा चेहरा पाहून आपण काय करून बसलो ते खोल्मतच्या ध्यानात आलं.

आतून झोकिरजोन धावत आला. "अरे, भेट आणलीय त्यांनी! अका, ती आधी म्यानात घाला बघू."

खोलीत त्यानं चहा ओतून दिला. पेला खोल्मतच्या दातांवर कडकड वाजत होता.

"घर कधी घेता?" खोल्मतनं विचारलं.

"कुणाचं घर?"

"माझं. मी जनाज्यात बोललो. तू दुसऱ्या रांगेत होतास."

"अका, ते तुम्ही खुदापुढं बोललात. बँकेच्या कागदावर तुमची सही कुठाय? कर्ज फिटायचं ते सोतिबोल्दीनं मागं ठेवलेल्यातून. आमच्या परवानगीनं गाडी विका, पैसे इथं भरा. टॅक्सी करून झिजलीय, थोडं कमी पडेल. ते ओयखोनच्या माथी. तिची गाय आहे, शिलाई मशीन आहे. तुम्ही मोकळे. जा घरी."

मोकळे! खोल्मत उठला, दारापर्यंत गेलाही. कडीवर हात ठेवला आणि त्याला त्या गायीच्या दुधावर वाढणारी भावाची पोरं आठवली. तो परत फिरला आणि खुर्चीत बसला.

"कमी पडेल ते माझ्या नावावर लिही."

"अका, कायद्यानं तुमच्यावर काही..."

"लिही म्हणतो ना! परत भीती वाटायच्या आत लिही."

झोकिरजोननं कागद पुढं केला आणि खोल्मतनं डोळे मिटून सही ठोकली.

खरं एवढंच. सुरी भेट म्हणून नेली होती आणि झोकिरजोननं ती घेतली नाही. बँकेनं कर्जातला एक सोमही सोडला नाही. गाडी विकली, आणि कमी पडलेलं कर्ज खोल्मतनं सुऱ्या विकून दोन वर्षांत फेडलं.