आमदारांच्या आंघोळीचं पाणी

बंबाच्या राखेत तुरीच्या हिरव्या शेंगा भाजून खाल्ल्या, हे आम्ही नवरा-बायकोनं सोबत केलेलं शेवटचं साधं काम. शेंगा तिच्या भावानं कुहीहून आणल्या होत्या. ती काडीनं राख ओढायची, शेंगा त्यात पुरायची, तडतडल्या की उचलून तशाच माझ्या तळहातावर टाकायची. माझा हात पोळला की हसायची. दुसऱ्याचा हात पोळला की हसू येणाऱ्या बायकांपैकी ती होती, अन् मी रोज हात पुढे करायचो.

हा बंब घरचा नव्हे. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरतं. मुंबईहून सरकार येतं, आमदार येतात, अन् त्यांना सकाळी उठल्याबरोबर गरम पाणी लागतं. ते राहत त्या इमारतीच्या मागे टिनाच्या शेडमध्ये मोठमोठे बंब मांडलेले असत. लाकडं फोडायची, बंब पेटवायचे, बादल्या भरून जिने चढायचे, दारात बादली ठेवून दार वाजवायचं. हे काम आमच्या बांधकाम खात्यातल्या बायका करत. मी त्याच खात्यात चौकीदार, पण कायम. ती रोजंदारीवर. लग्नाच्या आदल्या वर्षी लागली, केस पांढरे व्हायला लागले तरी रोजंदारीवरच. अधिवेशन संपलं की या बायकांना गिट्टी फोडायला लावत, गवत काढायला लावत. काम बारमाही, बाई मात्र रोज नव्यानं लागलेली.

आम्हाला लेकरू झालं नाही. ती म्हणायची, "लोकायले पोरं रायते, आपल्याले पेन्शन पाह्यजे. दोघायची." कायम झाल्याशिवाय पेन्शन नाही. तिनं माझ्याकडे कधी लुगडं मागितलं नाही, सिनेमा मागितला नाही. कायम व्हायचं, एवढंच एक डोक्यात.

आमची युनियन दर हिवाळ्यात मोर्चा काढायची. सीताबर्डीपाशी पोलीस बांबू आडवे बांधून उभे असत. तिथे मोर्चा थांबायचा. शिष्टमंडळ म्हणून पुढारी तेवढे आत जायचे, बाकीचे रस्त्यावर बसून घसा फोडायचे. आत गेलेले आश्वासन घेऊन बाहेर यायचे. बायका विचारायच्या, "हे नवं आहे, का मांगच्या सालचंच धुऊन आणलं?"

त्या साली सेक्रेटरीच्या डोक्यात नवीन आलं. सेक्रेटरी म्हणजे आमच्याच ऑफिसातला हेडक्लार्क. गळ्यात मफलर, बोलायला पक्का. बायकांना म्हणाला, "आम्ही बांबूपाशी उभे राहतो, आम्हाला हवालदार भेटतो. तुम्ही रोज सकाळी थेट आमदाराच्या दारात असता. तुम्हीच बोला ना."

मग आमच्या खोलीत तालीम सुरू झाली. मी आमदार. कमरेला टॉवेल गुंडाळून मोरीच्या दारात उभा. ती बादली घेऊन यायची.

"साहेब, पाणी. अन् एक इनंती."

"काय वं बाई, पाणी कोमट काहून आहे?" मी आवाज चढवायचो.

"असं नाही म्हणत जी आमदार."

"तुले काय माहीत?"

"मी रोज पाहतो त्यायले. थंडीत कुडकुडत अस्ते. तुमच्यापेक्षा गरीब दिस्ते." मग पुन्हा बादली उचलायची, पुन्हा पहिल्यापासून. "साहेब, पाणी. अन् एक इनंती."

विरोधी पक्षाचा एक आमदार तिला बरा वाटला, कारण तो बादली स्वतः आत घ्यायचा. एका सकाळी तिनं त्याला गाठलं. तो टॉवेलवर, दात वाजत असलेले, तरी उभं राहून सगळं ऐकून घेतलं. "किती वर्षं काम करता, बाई?" तिनं सांगितलं. "आणि अजून रोजंदारीवर? मी सभागृहात प्रश्न विचारतो." माणूस शब्दाचा पक्का निघाला. प्रश्न सभागृहाच्या यादीत लागला. सेक्रेटरीनं जिलेबी वाटली, बायकांनी एकमेकींच्या तोंडात कोंबली.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. सभागृहात प्रश्न आला की त्याचं उत्तर खात्याकडूनच मागवतात. म्हणजे ज्यांनी या बायकांना वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवलं, तेच उत्तर लिहिणार. अन् लिहिलेलं उत्तर खोटं ठरू नये म्हणून काय करायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. हेडक्लार्कला तरी कळायला पाहिजे होतं. त्याचा जन्म अशी उत्तरं लिहिण्यात गेला.

तर शेंगांची ती सकाळ. पाणी पोचवून झालं होतं, आम्ही बंबापाशी बसलो होतो. दुरून आमच्या खात्याचा ओव्हरसियर येताना दिसला. ती घाईनं उठली. हाताची राख धुतली, तोंड पुसलं, डोक्यावर पदर घेतला. मला म्हणाली, "उठा ना जी. आज उत्तर आहे आपलं. तेच सांगाले येऊन राहिले."

ओव्हरसियर सगळ्या बायकांना उद्देशून म्हणाला, "काम बंद करा. तुमची सेवा संपली. आत्तापासून."

"अन् संध्याकाळचं पाणी, साहेब?" तिनं विचारलं. पहिलं तेच सुचलं तिला.

"ते हा पाहून घेईन," म्हणून त्यानं माझ्याकडे बोट केलं.

दुपारी मंत्र्यानं सभागृहात उत्तर दिलं, की खात्यात अशी एकही रोजंदारीवरची बाई कामावर नाही. खरंच होतं. सकाळीच काढल्या होत्या.

सेक्रेटरी संध्याकाळी आला तो खूश. "आता मुद्दा पेटला! आता हे सरकार वाचत नाही." त्यानं बायकांना सीताबर्डीच्या बांबूपाशी सतरंजीवर बसवलं. मागण्यांच्या फळ्यावर कायम लोकांचा महागाई भत्ता वर, या बायका खाली.

नागपूरची डिसेंबरची थंडी ज्यानं रस्त्यावर बसून पाहिली नाही त्याला सांगून उपयोग नाही. बंबाच्या उबेत राहिलेली बाई ती. दुसऱ्याच दिवशी ताप भरला. छाती घरघरायला लागली. मी ड्यूटी संपवून जायचो, जाताना बंबातलं गरम पाणी डब्यात घेऊन जायचो. ती डबा छातीशी धरून बसायची, प्यायची नाही.

"घरी चाल," मी म्हटलं.

"मी उठली तं साऱ्याजणी उठतीन. मंग म्हणतीन हिच्याच्यानं मोडलं."

"मोडू दे ना वं."

"तुमचं काय जाते? तुमी कायम आहा."

 सेक्रेटरीला सांगितलं, बाई तापानं फणफणली आहे. तो म्हणाला, "आजचा दिवस कळ काढा, वहिनी. आज शिष्टमंडळ आत जाते. पेपरवाला फोटो काढायला येते. तुम्ही पुढे बसा, शाल काढून." तिनं शाल काढली. फोटो काढणारा आला नाही.

शिष्टमंडळ आत गेलं अन् गळ्यात हार घालून बाहेर आलं. हार कोणी आणले होते, आधीच कसे आणले होते, देव जाणे. सेक्रेटरी जीपच्या बॉनेटवर चढला. महागाई भत्ता मंजूर! रोजंदारीच्या भगिनींच्या प्रश्नावर सहानुभूतीपूर्वक विचार! विजय असो, विजय असो. गुलाल उधळला. कायम लोक नाचले. माझ्या बाजूचा चौकीदार मला मिठी मारून नाचला. गुलाल तिच्या तोंडावर, ओठांवर, डब्यातल्या पाण्यात पडला.

तिनं मला खाली ओढलं. "आपलं झालं का जी?"

"माह्यं झालं. तुह्यं नाही झालं."

मी असाच बोलतो. तिला गोड बोलून फसवायची सवय मी कधी लावली नव्हती. ती डोळे मिटून हसली. तेच हसू, हात पोळल्यावरचं.

"म्हंजे तुमची पेन्शन वाढली?"

"वाढली असंन."

"तुमी मेल्यावर त्यातली मले भेटते ना?"

"भेटते."

"मंग मरा ना बाप्पा लवकर. काहून वाट पाहाले लावता?"

सतरंजीवरच्या बायका खो खो हसल्या. तीही हसत होती, हसताहसता खोकला लागला, तो थांबेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. रस्ताभर विजयाच्या घोषणा मागून ऐकू येत होत्या. डॉक्टर म्हणाला फुप्फुसात पाणी झालं, आधी काहून नाही आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती गेली. पदराला गुलाल तसाच होता.

सेक्रेटरी दोन माणसं घेऊन घाटावर आला. चार शब्द बोलतो म्हणाला. मी म्हटलं, तू बोलशील तर तुलाही इथंच ठेवीन. तो दोन पावलं मागे सरला. तिच्या बरोबरच्या बायकांनी त्रिशरण म्हटलं, सावकाश, न चुकता, अन् आम्ही तिला जाळून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर गेलो. एकही बंब पेटवला नाही. शेडमध्ये बसून राहिलो. शेंगा भाजल्या त्या बंबाला मी तेव्हापासून हात लावला नव्हता, बाकीच्यांवरच भागवलं होतं; त्याच्या राखेत शेंगांची काळी टरफलं तशीच पडली होती. थोड्या वेळानं वरच्या मजल्यांवरून हाका यायला लागल्या. पाणी, पाणी. ओव्हरसियर धावत आला.

"बंब काहून नाही पेटला?"

"पेटवणारी कोणी नाही साहेब. सभागृहात तुमीच सांगतलं."

 तो माझ्या बाजूला उकिडवा बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुह्यं दुःख मले समजते गा. पण पाणी तं लागते ना त्यायले." मी हललो नाही. मग तो उठला अन् त्याच आवाजात म्हणाला, "लिहून देऊ का वर? नोकरी जाईन. पेन्शन जाईन."

दोघांची पेन्शन पाहिजे म्हणणारी ती. एक तर तिची गेलीच होती.

मी राख ओढली. टरफलं बाजूला केली नाहीत, त्यांच्यावरच लाकडं रचली अन् पेटवली. पाणी तापलं. बादल्या भरल्या, जिने चढलो. त्या विरोधी पक्षाच्या आमदाराच्या दारात बादली ठेवून दार वाजवलं. त्यानं दार उघडलं, टॉवेलवर, कुडकुडत. माझ्या मागे पाहिलं, ती दिसते का म्हणून.

"साहेब, पाणी," मी म्हटलं. पुढचं म्हटलं नाही.